दोन जोसेफ आणि एक एलिझाबेथ: डार्लिंग्टनच्या एका क्वेकर स्त्रीचा माग

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक बऱ्याच वर्षांपासून रंगो बापूजी गुप्ते यांच्या लंडनमधल्या कामाचा अभ्यास करत आहेत. त्यांचं नाव इथे देत नाही, गुरुजी म्हणू. सप्टेंबर १८३९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, काशीला पाठवलं आणि धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवलं. थोरल्या महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेला गेले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथे चिवटपणे भांडत राहिले. हे सगळं मराठी वाचकाला ठाऊक आहे. गुरुजींना पुढचं हवं होतं: त्या परक्या शहरात त्यांच्या बाजूने बोलणारे इंग्रज कोण होते, आणि त्या इंग्रजांच्या पाठीशी कोण होतं?

पहिल्या प्रश्नाचं एक उत्तर सोपं आहे. जॉर्ज थॉम्पसन हा गुलामगिरीविरोधी चळवळीतला गाजलेला वक्ता. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याचं प्रकरण त्याने ठासून मांडलं. पुढे १८४७ मध्ये तो टॉवर हॅम्लेट्समधून पार्लमेंटवर निवडून गेला. त्याच्या पाठीराख्यांचा शोध घेताना गुरुजी जुलै १८३९ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश इंडिया सोसायटी’पाशी पोचले आणि तिथे त्यांना ‘जोसेफ पीज’ हे नाव भेटलं. मग बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवलेल्या गुलामगिरीविरोधी पत्रसंग्रहात ‘एलिझाबेथ पीज, डार्लिंग्टन’ हे नाव पुन्हा पुन्हा दिसू लागलं. विल्यम लॉइड गॅरिसन, वेन्डेल फिलिप्स अशा अमेरिकन पुढाऱ्यांना ही बाई बरोबरीच्या नात्याने लिहिते, आणि त्यात हिंदुस्थानचा विषयही येतो.

ही कोण, कुणाची, आणि पुढे तिचं काय झालं? माझं काम क्वेकर नोंदींचं, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

क्वेकर म्हणजे ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’चे सभासद. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला हा ख्रिस्ती पंथ. त्यात पुरोहित नाही, बाप्तिस्मा नाही, कोर्टातही शपथ नाही, आणि प्रार्थनासभेत बाईलाही उभं राहून बोलायचा हक्क. माग काढणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत मोठा गुण म्हणजे लिहून ठेवण्याची सवय. बाप्तिस्मा नसल्यामुळे चर्चच्या वहीत त्यांची मुलं नोंदली जात नसत. लग्नही चर्चबाहेर, त्यामुळे ते कायदेशीर आहे हे कागदानेच सिद्ध करावं लागे. १७५३ च्या विवाह कायद्याने चर्चबाहेरची लग्नं जवळजवळ बंद केली, पण क्वेकर आणि ज्यू यांना त्यातून वगळलं. ही सूट मिळाली त्यामागे त्यांच्या चोख वह्यांचं वजन होतं.

अडचण

गुरुजींनी शोध सुरू केला तो आपल्याकडच्या कुलवृत्तांताच्या पद्धतीने. आधी घराणं, मग मूळ पुरुष, मग त्याच्या शाखा, आणि मुली शेवटी एका ओळीत. इंटरनेटवर पीज घराण्याची एक तयार वंशावळ त्यांना सापडली. तिच्यात एलिझाबेथ ही ‘जोसेफ पीज, खासदार’ याची मुलगी दाखवली होती. हा जोसेफ मोठा माणूस. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेच्या उभारणीतला एक आधारस्तंभ, मिडल्सबरो शहर वसवणाऱ्यांपैकी एक, १८३२ च्या निवडणुकीत साउथ डरहॅममधून निवडून आलेला आणि शपथ न घेता प्रतिज्ञेवर पार्लमेंटमध्ये बसलेला पहिला क्वेकर. डार्लिंग्टनच्या भर चौकात त्याचा पुतळा आहे. गुरुजींच्या टिपणात वाक्य तयार होतं: साताऱ्याच्या कैवाऱ्यामागे खुद्द पार्लमेंटचा सभासद उभा होता.

हे वाक्य खरं असतं तर लेखाला वजन आलं असतं, म्हणूनच ते तपासायला हवं होतं.

दुसरी अडचण पहिलीइतकी ठळक दिसत नव्हती. १८५३ नंतर ‘एलिझाबेथ पीज’ हे नाव डार्लिंग्टनमधून नाहीसं होतं. क्वेकर दफनांच्या नोंदीत ती नाही, क्वेकर लग्नांतही नाही. गुरुजींचा तर्क असा की ती त्याच सुमारास वारली असावी.

पर्याय

चार वाटा समोर होत्या.

पहिली, पीज घराण्याची छापील वंशावळ वरून खाली वाचत यायची. घराणं श्रीमंत आणि नामांकित, त्यामुळे छापील सामग्री भरपूर. पण अशा वंशावळींत पुरुषांच्या व्यवसायाला परिच्छेद आणि बायकांना तारीख मिळते.

दुसरी, इंग्लंडच्या सरकारी नोंदणीतून दाखले मागवायचे. ही नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. दाखल्याला पैसे पडतात आणि लोकांना वाटतं की पैसे दिले म्हणजे पुरावा मिळाला. इथे मी गुरुजींना थांबवलं. त्या काळच्या इंग्लिश लग्नाच्या दाखल्यावर वधूवरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो, आईचं नाव नसतंच. मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांपैकी कुणाचंच नाव शोधून उपयोग नाही. आपला प्रश्न ‘कोणता जोसेफ’ हा असताना ‘वडील: जोसेफ पीज’ असं लिहिलेला कागद विकत घेऊन काय करायचं?

तिसरी वाट क्वेकरांच्या स्वतःच्या वह्या. त्यांची रचना सांगायला हवी. गावातली प्रार्थनासभा, तिच्यावर आजूबाजूच्या गावांची मिळून मासिक सभा, तिच्यावर त्रैमासिक सभा, आणि सगळ्यांवर लंडनची वार्षिक सभा. मासिक, त्रैमासिक म्हणजे भेटण्याचा कालावधी, पण प्रत्यक्षात ते कारभाराचे टप्पे होते. खरा कारभार मासिक सभेचा: सभासद कोण, लग्नाला परवानगी कुणाला, कोण गाव सोडून चाललं, कुणाचं वागणं नियमाबाहेर गेलं. पुरुषांची आणि स्त्रियांची मासिक सभा वेगळी भरे आणि दोन्हींची इतिवृत्तं वेगळ्या वह्यांत. १८४० मध्ये कायदा होऊन क्वेकरांनी आपल्या जन्म, विवाह, दफनाच्या मूळ वह्या सरकारजमा केल्या. त्या आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण देण्याआधी त्यांनी सगळ्या नोंदींचा गोषवारा करून घेतला, आडनावांच्या क्रमाने, त्रैमासिक सभेगणिक वेगळा, आणि त्याच्या दोन प्रती काढल्या. १८३७ पूर्वीच्या क्वेकर जन्मासाठी हा गोषवारा म्हणजे तयार अनुक्रमणिकाच. डार्लिंग्टनसाठी डरहॅमचा भाग पाहायचा.

चौथी वाट, स्वतः एलिझाबेथपासून सुरुवात. तिची पत्रं, त्यांवरच्या तारखा, पत्ते, कुणाचा उल्लेख कसा येतो ते.

आम्ही चौथी वाट धरली आणि अडेल तिथे तिसरीचा आधार घ्यायचं ठरवलं. वंशावळ सर्वांत शेवटी, तीही ताडून पाहण्यापुरती.

काय केलं: कोणता जोसेफ?

सातारकर आणि कोल्हापूरकर भोसल्यांच्या वंशावळीत शहाजी, संभाजी, शिवाजी किती वेळा येतात हे गुरुजींना पाठ आहे. पीज घराण्यातही तीच गत. लोकरीचा धंदा करणारा एक जोसेफ (१७३७–१८०८). त्याचे दोन मुलगे: थोरला एडवर्ड (१७६७–१८५८), ज्याला रेल्वेचा जनक म्हणतात, आणि धाकटा जोसेफ (१७७२–१८४६). एडवर्डने आपल्या एका मुलाचं नाव पुन्हा जोसेफच ठेवलं (१७९९–१८७२). तो खासदार. म्हणजे १८३९ साली डार्लिंग्टनच्या छोट्याशा क्वेकर समाजात चुलता जोसेफ आणि पुतण्या जोसेफ दोघेही हयात, दोघेही सधन, दोघेही गुलामगिरीच्या विरोधात.

उलगडा करायला गुरुजींनी आधी कोष्टक मांडलं, पण त्याआधी एक साधं गणित करता येत होतं. १८३८ मध्ये एलिझाबेथ पीज आणि ग्लासगोची जेन स्मील यांनी ब्रिटनमधल्या स्त्रियांना उद्देशून एक पत्रक काढलं आणि गुलामगिरीविरोधी कामात स्त्रियांनी आपल्या वेगळ्या संस्था काढाव्यात असं आवाहन केलं. हे लिहिणारी मुलगी शाळकरी असणं शक्य नाही. खासदार जोसेफचं एमा गर्नीशी लग्न झालं १८२६ मध्ये. त्याची थोरली मुलगी धरली तरी १८३८ मध्ये ती फार तर अकरा-बारा वर्षांची. त्याला एलिझाबेथ ल्यूसी नावाची मुलगी होती हेही खरं, आणि वंशावळीतल्या घोळाचं मूळ बहुधा तिथेच आहे. पण तिने १८५७ मध्ये जॉन फाउलरशी लग्न केलं, वाफेच्या नांगरासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या इंजिनिअरशी. आपली एलिझाबेथ १८०७ ची. तेव्हा खासदार जोसेफ स्वतःच सात-आठ वर्षांचा होता.

गणिताने खासदार बाद झाला. पण बाद होणं वेगळं आणि दुसऱ्याचं नाव निश्चित होणं वेगळं, कारण घराण्यात आणखीही शाखा आहेत. तिथे दोन गोष्टी कामी आल्या.

एक म्हणजे घराचा पत्ता. क्वेकर ‘मिस्टर’, ‘मिस’, ‘मिसेस’ अशी बिरुदं वापरत नसत; माणसाला माणसाच्या नावानेच संबोधायचं हा धर्माचा भाग. त्यामुळे पत्राच्या मायन्यावरून बाई लग्नाची की बिनलग्नाची हे कळत नाही, आणि एका नावाचे दोघे असले तर त्यांना ओळखायचं कसं हा प्रश्न त्यांनाही पडे. त्यावर उपाय घराच्या नावाचा, किंवा ‘थोरला’, ‘धाकटा’ असं लावण्याचा. एडवर्ड नॉर्थगेटचा, खासदार जोसेफ साउथएंडचा, आणि चुलता जोसेफ फीथम्सचा. एलिझाबेथ फीथम्सची. (फीथम्स शोधायला गेलं की इंटरनेटवर फुटबॉल पुढे येतो, कारण पुढे त्या भागातल्या मैदानावर डार्लिंग्टनचा संघ १८८३ पासून २००३ पर्यंत खेळला. गुरुजींचा त्यात थोडा वेळ गेला, पण त्यांना मजाही आली.)

दुसरी गोष्ट भावाचं नाव. एलिझाबेथचा भाऊ जॉन बोमाँट पीज. क्वेकर घरांत आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव मुलाच्या नावात मधे घालायची रीत एकोणिसाव्या शतकात चांगलीच रुजली होती. खासदार जोसेफच्या मुलाचं नाव जोसेफ व्हिटवेल पीज, कारण आजी रेचल ही व्हिटवेलांची. बोमाँट हे एमा गर्नीच्या घरात बसत नाही. फीथम्सच्या जोसेफच्या बायकोच्या माहेरी बसतं, ती एलिझाबेथ बोमाँट. बाईच्या माहेरचा माग मुलाच्या मधल्या नावात सापडावा हे मला नेहमीच गमतीचं वाटत आलंय. तिच्या स्वतःच्या नोंदी जिथे तुटतात तिथे हे आडनाव पुढच्या दोन-तीन पिढ्या टिकून राहतं.

म्हणजे ब्रिटिश इंडिया सोसायटीचा जोसेफ पीज तो फीथम्सचा थोरला जोसेफ, पार्लमेंटचा सभासद नव्हे. गुरुजींचं तयार वाक्य गेलं.

जे हाती आलं ते मात्र जास्त भरीव होतं. या जोसेफला हिंदुस्थानात रस होता तो कापसामुळे. अमेरिकेतला कापूस गुलामांच्या श्रमावर उभा होता आणि लँकेशायरच्या गिरण्या त्या कापसावर चालत. हिंदुस्थानातल्या मोकळ्या शेतकऱ्याने स्वस्त कापूस पिकवला तर गुलामगिरीचं अर्थकारणच मोडेल, हे त्याचं गणित. पण तसं व्हायचं तर कंपनीचा जमीनमहसूल, दुष्काळ, रस्ते यांकडे पाहावं लागणार, म्हणून सोसायटी. सोसायटी निघाली जुलै १८३९ मध्ये, प्रतापसिंह महाराजांना काढलं सप्टेंबरमध्ये, आणि तेही सातासमुद्रांपलीकडे. तारखा जवळ आहेत म्हणून गुरुजींना दुवा जोडायचा मोह होता. सोसायटी साताऱ्यासाठी निघालेली नव्हती, हे त्यांनी टिपणात स्पष्ट लिहिलं. तिच्यामुळे थॉम्पसन हिंदुस्थानच्या प्रश्नांत ओढला गेला, एवढाच दुवा टिकतो, आणि तोही काही थोडा नाही.

काय केलं: १८५३ नंतर

क्वेकर वह्यांमधून एखादी सभासद नाहीशी झाली तर कारणं मोजकीच असतात. मृत्यू, स्थलांतर, राजीनामा, किंवा सभेने सभासदत्व काढून घेणं. स्थलांतर असेल तर जुनी मासिक सभा नव्या सभेला वर्तनाचा दाखला पाठवी आणि दोन्हीकडच्या इतिवृत्तांत त्याची नोंद होई. १७३७ च्या ठरावाने सभासदत्व कुणाचं, कोणत्या सभेकडे, हे पक्कं झाल्यापासून हा दाखला महत्त्वाचा झाला. तो मिळाला तर माणूस मिळतो.

सभासदत्व काढून घेण्याची सर्वांत सामान्य कारणं दिवाळखोरी आणि पंथाबाहेरचं लग्न. दुसरं कारण त्या काळी इतकं प्रचलित होतं की क्वेकरांची संख्याच त्यापायी घटली, आणि अखेर १८५९-६० मध्ये वार्षिक सभेने नियम सैल केला. १८६० च्या कायद्याने दोघांपैकी एकच सभासद असला तरी क्वेकर पद्धतीने लग्न करता येऊ लागलं. सभासदत्व जाणं म्हणजे आपल्याकडचं वाळीत टाकणं नव्हे. प्रार्थनेला यायला कुणी अडवत नसे, घरच्यांनीही बोलणं टाकायचं नसे. पण कारभाराच्या सभेला बसता येत नसे, आणि वहीतून नाव जाई. माग काढणाऱ्याला जाचतं ते हेच.

इथे दुसरा मोठा निर्णय होता. क्वेकर दफनांत शोध वाढवायचा, की नियमाकडे पाहून उलट विचार करायचा? गुरुजींचा कल पहिल्याकडे होता. मला वाटलं, ४६ वर्षांची सधन, बिनलग्नाची, देशोदेशी पत्रव्यवहार असलेली बाई वारली असती तर बॉस्टनच्या पत्रांत हळहळ उमटली असती. ती बातमी तिथे नाही. मग लग्न पाहायचं, आणि तेही पंथाबाहेरचं.

त्यानंतर फार शोधावं लागलं नाही. जुलै १८५३ मध्ये एलिझाबेथने जॉन प्रिंगल निकोल याच्याशी लग्न केलं. तो ग्लासगो विद्यापीठात खगोलशास्त्राचा प्राध्यापक, सामान्य वाचकांसाठी आकाशावर लिहिणारा लोकप्रिय लेखक, विधुर, दोन मुलांचा बाप, आणि क्वेकर नव्हे. लग्नाबरोबर सोसायटी ऑफ फ्रेंड्समधलं तिचं स्थान संपलं. नियम सैल व्हायला आणखी सहा-सात वर्षं होती. १८५९ मध्ये निकोल वारला, ती एडिंबरोला गेली, आणि १८९७ मध्ये नव्वदाव्या वर्षी तिथेच वारली. मधल्या काळात स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत ती एडिंबरोच्या आघाडीच्या कार्यकर्त्यांपैकी एक होती, प्राण्यांवरच्या जिवंत प्रयोगांविरुद्धही लढली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. सावत्र मुलगा जॉन निकोल पुढे ग्लासगोलाच इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक झाला.

गुरुजींचा पहिला प्रश्न होता, मग हिला क्वेकर म्हणायचं का? मी म्हटलं, १८५३ पर्यंत सभासद, त्यानंतर नाही, असं लिहा आणि पुढे जा. तिच्या मनात काय होतं हे वहीतून ठरवू नये.

निर्णयाची ठिकाणं

स्कॉटलंडचं कळल्यावर पुराव्याचा हिशेब बदलला, आणि मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. इंग्लंडच्या दाखल्यांवर पैसे घालवू नका असं आधी सांगितलं होतं. स्कॉटलंडच्या नोंदीबद्दल सल्ला उलटा. तिथली सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून. उशिरा सुरू झाली पण तपशिलाने भरलेली. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची दोघांचीही नावं, आईचं माहेरचं आडनाव, आणि जोडीदाराचं नाव असतं. शिवाय स्कॉटलंडमध्ये लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव कायद्याच्या कागदांतून पुसलं जात नाही, त्यामुळे सूचीत ती पीज म्हणूनही सापडू शकते आणि निकोल म्हणूनही. ‘वडील जोसेफ’ याने काही ठरत नव्हतं. ‘आई बोमाँट की गर्नी’ याने ठरतं, आणि तो रकाना सरहद्दीच्या उत्तरेकडेच आहे. भावाच्या नावावरचा तर्क कितीही पक्का असला तरी तो तर्क आहे, म्हणून ही नोंद फायलीत वेगळा पुरावा म्हणून ठेवायचं ठरलं.

लग्न मात्र १८५३ चं, स्कॉटलंडच्या नोंदणीच्या आधीचं. अशा वेळी ते सरहद्दीच्या कोणत्या बाजूला झालं यावर शोधाची पद्धत ठरते: इंग्लंडमध्ये असेल तर सरकारी सूची, स्कॉटलंडमध्ये असेल तर पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीची, वही.

जनगणनेचाही विचार झाला. ६ जून १८४१ च्या जनगणनेत घरातली नाती लिहिलेली नाहीत, आणि पंधरापेक्षा मोठ्यांची वयं बहुतेक ठिकाणी खालच्या पाचाच्या पटीत आणली आहेत. ३४ वर्षांची एलिझाबेथ त्यात ३० ची दिसणार. वयावरून माणूस ओळखायचा असेल तर हा कागद फसवतो. ३० मार्च १८५१ च्या जनगणनेत नातं, वैवाहिक स्थिती आणि जन्माचा पॅरिश आहे, पण तोवर थोरला जोसेफ वारलेला. म्हणजे वडील-मुलीचं नातं जनगणनेतून सिद्ध होणारच नव्हतं. हे आधी मांडून पाहिल्यामुळे एक अख्खी फांदी छाटता आली.

कबरीच्या दगडावरही भरवसा ठेवला नाही. क्वेकरांनी साधेपणापायी १८५० पर्यंत नावाचे दगड निषिद्ध मानले होते, आणि थोरला जोसेफ गेला १८४६ मध्ये.

तारखांची एक अडचण आजोबांपाशी आली. क्वेकर महिन्यांची नावं वापरत नसत, कारण त्यांतली काही रोमन देवांवरून आलेली. ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असं लिहीत. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून तेव्हाचा पहिला महिना म्हणजे मार्च; १७५२ पासून पहिला महिना म्हणजे जानेवारी. १८०७ च्या एलिझाबेथला याचा त्रास नाही, १७३७ च्या आजोबाला आहे. गुरुजींनी कोष्टकात दोन्ही पद्धतींचे रकाने ठेवले. चैत्र आणि जानेवारी एकाच डोक्यात वागवणाऱ्या माणसाला यात अवघड काही वाटलं नाही.

१८९९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, एलिझाबेथचं एक चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध झालं. ते आधी वाचायचं की नंतर? गुरुजींना आधी हवं होतं, मी नंतर सुचवलं. चरित्र आदराने लिहिलेलं आहे आणि पत्रांचे उतारे देतं, ही मोठी सोय. पण आदराने लिहिणारा काय गाळतो हे मूळ पत्रं आधी पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या क्वेकरांनी गुलामगिरीच्या प्रश्नावर कचखाऊपणा केला असं तिचं मत होतं आणि १८४० मध्ये तिने ते छापूनही आणलं. मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट कामगारांबद्दल तिला सहानुभूती होती. घरचे बँकवाले, गिरणीवाले, रेल्वेवाले. ही धार पत्रांत सरळ जाणवते.

निष्पत्ती

गुरुजींच्या टिपणातली खासदाराची ओळ गेली, तिच्या जागी तीन ओळी आल्या: थोरला जोसेफ पीज, कापसाचा हेतू, आणि त्याची मुलगी एलिझाबेथ, जिने थॉम्पसनशी आणि अमेरिकन मित्रांशी पत्रव्यवहार सांभाळला. जून १८४० च्या लंडनच्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेचा परिच्छेदही त्यांनी घातला. तिथे ल्युक्रिशिया मॉटसारख्या अमेरिकन स्त्री-प्रतिनिधींना प्रतिनिधी म्हणून बसू दिलं नाही आणि गॅरिसन निषेध म्हणून प्रेक्षकांत जाऊन बसला. ज्या शहरात रंगो बापूजींना दाद मिळत नव्हती त्याच शहरात त्याच सुमारास या बायकांनाही दाद मिळत नव्हती, असं वाक्य गुरुजींनी लिहिलं आणि नंतर स्वतःच खोडलं. बरं केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण एकमेकींशी संबंध सिद्ध नाही.

इंटरनेटवरच्या वंशावळीच्या मालकाला पुराव्यासह कळवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जन्मवर्षाचं गणित पहिल्याच बैठकीत करायला हरकत नव्हती. खासदाराचं लग्न १८२६ चं, हे कळायला कुठल्याही अभिलेखागारात जावं लागत नाही.

पुरुषांच्या मासिक सभेची इतिवृत्तं आधी चाळायची सवय मोडायला हवी. ती जाड असतात, सुवाच्य असतात, म्हणून हात तिकडे जातो. स्त्रियांच्या सभेच्या वह्यांत लग्नाआधीची चौकशी, मदतीचं वाटप, कोण कुणाला भेटायला नेमली हे असतं. एखाद्या बाईचं तिच्या वयाच्या बायकांमधलं स्थान तिथे दिसतं. गोषवाऱ्यात तिच्या वाट्याला जन्माची एक ओळ येते.

आणि साताऱ्याच्या प्रश्नासाठी मी आज उलट टोकापासून सुरुवात करेन. एलिझाबेथने बॉस्टनला लिहिलेल्या पत्रांत साताऱ्याचा शोध घेण्यापेक्षा थॉम्पसनची पत्रं आधी, कारण साताऱ्याचं वकीलपत्र त्याच्याकडे होतं, तिच्याकडे नव्हतं. काळही आखून घ्यायचा. १८३९ च्या आधी काही मिळणार नाही. १८४६ मध्ये थोरला जोसेफ गेला, १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीला निवर्तले, १८४८ मध्ये डलहौसीने सातारा खालसा केलं. पीज घराच्या दृष्टीने कामाची वर्षं सातच.

गुरुजी सध्या तीच वर्षं वाचत आहेत. एलिझाबेथचं अक्षर त्यांना आता सराईतपणे लागतं. थॉम्पसनच्या अक्षराशी झटापट चालू आहे.